पोराच्या कमाईवर नाव कुणाचं?

११ एप्रिल १९३८ रोजी लॉस एंजेलिसच्या कोर्टात २३ वर्षांच्या एका तरुणाने आपल्या आईवर आणि सावत्र वडिलांवर दावा लावला. मागणी एवढीच होती की मी लहानपणापासून जे कमावलं त्याचा हिशेब द्या. तरुणाचं नाव जॅकी कूगन. सहाव्या वर्षी तो जगातल्या सर्वांत ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक होता आणि बालपणातली त्याची कमाई ३० ते ४० लाख डॉलरच्या घरात होती, असा अंदाज होता. आईचं म्हणणं असं की त्याला काही देऊ असं कुणी कधी कबूलच केलं नव्हतं. २१ वर्षांचं होईपर्यंत मूल जे कमावतं ते आईबापांचं.

हे वाचल्यावर तोंडून आधी 'काय ही आई!' असंच निघतं. माझंही तसंच झालं होतं. पण पुढे वाचत गेलो तसा त्या बाईपेक्षा तिच्या पाठीशी उभा असलेला कायदा मला जास्त अस्वस्थ करू लागला. ती खोटं बोलत नव्हती. अज्ञान मुलाच्या कमाईवर आईबापांचाच हक्क असतो, हेच तेव्हा कॅलिफोर्नियाचा कायदा सांगत होता.

जॅकीचे आईवडील व्हॉडेव्हिलमधले, म्हणजे नाच-गाणी-नकलांचे खेळ करत गावोगाव फिरणाऱ्या मंडळींतले. १९१९ मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑर्फियम थिएटरात वडिलांच्या नाचानंतर हा चार वर्षांचा मुलगा रंगमंचावर आला आणि प्रेक्षकांत बसलेल्या चार्ली चॅप्लिनच्या नजरेत भरला. त्यातून पुढे 'द किड' आला, १९२१ मध्ये. ज्यांनी तो पाहिलाय त्यांना ट्रकचा प्रसंग आठवत असेल. अनाथालयाची माणसं पोराला उचलून ट्रकच्या मागच्या भागात टाकतात, पोर दोन्ही हात पसरून रडतं, विनवतं आणि चॅप्लिन छपरांवरून धावत सुटतो. शंभर वर्षांनंतरही ते रडणं बघवत नाही.

ते रडणं कसं मिळवलं, हे चॅप्लिननेच आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. जॅकी खेळकर मुलगा, काही केल्या त्याला रडू येईना. तेव्हा वडील म्हणाले, मी रडवतो त्याला. त्यांनी मुलाला सांगितलं की तू रडला नाहीस तर तुला खरंच वर्कहाउसमध्ये धाडून देऊ. वर्कहाउस म्हणजे कंगाल माणसांना आणि त्यांच्या मुलांना ठेवून घेणारी सरकारी जागा. खुद्द चॅप्लिन सातव्या वर्षी लंडनच्या अशाच वर्कहाउसमध्ये राहून आला होता. प्रसंग उत्तम झाला. नंतर चॅप्लिनने रडणाऱ्या पोराला उचलून घेतलं आणि समजावलं की तुला कुणी कुठे नेणार नाही. त्यावर पोरगं कानात कुजबुजलं की मला माहीत होतं, बाबा उगाच म्हणत होते.

मला हे उत्तर फार मोलाचं वाटतं. बाप आपल्याला कुठे सोडणार नाही, हा विश्वास त्या मुलाच्या हाडीमासी होता. पैशाच्या बाबतीतही तो पुढची १४ वर्षं त्याच विश्वासावर जगला. 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये त्याने काम केलं, मेट्रो कंपनीशी त्याचा प्रचंड रकमेचा करार झाला, त्याच्या नावाच्या बाहुल्या निघाल्या, शिट्ट्या निघाल्या, पीनट बटर निघालं. १९२४ मध्ये पश्चिम आशियातल्या निर्वासित मुलांसाठी दूध आणि कपडे जमवण्याच्या मोहिमेत तो अमेरिकाभर फिरला, युरोपात गेला, पोपना भेटला. भुकेल्या पोरांसाठी झोळी घेऊन फिरणाऱ्या या नऊ वर्षांच्या मुलाच्या स्वतःच्या नावावर मात्र काहीच नव्हतं. त्याच्या नावाने उभी राहिलेली निर्मितीसंस्था वडीलच चालवत होते.

वडील लबाड होते, असं म्हणायला मला आधार सापडत नाही. जॅकीनेही शेवटपर्यंत त्यांना दोष दिला नाही. मोठा झाल्यावर सगळं माझंच आहे, अशी त्याची समजूत होती आणि वडिलांच्या मनातही कदाचित तेच असेल. पण मनातलं कागदावर आलं नाही. मे १९३५ मध्ये मेक्सिकोच्या सीमेजवळच्या डोंगराळ रस्त्यावर त्यांची मोटार उलटली. गाडीतले बाकी सगळे गेले, जॅकी एकटा वाचला. त्या वेळी तो २० वर्षांचा होता, सज्ञान व्हायला पाचेक महिने बाकी होते. मिळकत आईच्या हाती गेली. आईने कुटुंबाचा आर्थिक कारभार पाहणाऱ्या गृहस्थांशी लग्न केलं. मग जॅकीने विचारलं तेव्हा सांगण्यात आलं की तुझं इथे काही नाही.

'प्रेमळ आईबाप असले की कायदा कशाला हवा?' असं विचारणाऱ्यांना मी नेहमी हीच गोष्ट सांगतो. एका अपघाताने वडिलांचं प्रेम, त्यांची दानत, त्यांच्या मनातले बेत सगळं एका दुपारी पुसलं गेलं. बँकेत मुलाच्या नावाचं एखादं खातं असतं, तर ते उरलं असतं.

१९३९ मध्ये तडजोड झाली. जॅकीच्या हाती १ लाख २६ हजार डॉलर आले. तेव्हा बोभाटा इतका झाला होता की कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाला त्याच वर्षी कायदा करावा लागला. तो आजही 'कूगन कायदा' म्हणूनच ओळखला जातो. मुलाच्या कमाईचा काही भाग राखून ठेवण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्याने कोर्टाला दिला. ऐकायला हे छान वाटतं, पण अधिकार वापरायचा की नाही हे न्यायाधीशाच्या मर्जीवर राहिलं. शिवाय तो लागू होता फक्त मंजुरीसाठी कोर्टापुढे आणलेल्या करारांना. रोजावर किंवा आठवड्यावर काम करणारी असंख्य मुलं त्यातून निसटली. कमाई आईबापांची हे मूळ तत्त्व तर कुणी हलवलंच नाही. मुलाची कमाई मुलाचीच आणि तिचे १५ टक्के राखून ठेवलेच पाहिजेत, असं कॅलिफोर्नियाने ठरवलं ते १ जानेवारी २००० पासून. जॅकीला जाऊन तेव्हा १५ वर्षं झाली होती.

हे जुनं तत्त्व आलं कुठून, हेही पाहायला हवं. शेतकऱ्याच्या किंवा कारागिराच्या घरात मूल बापाबरोबर राबतं, खातं, वाढतं. त्याच्या कामाची मजुरी वेगळी काढायची कशी? त्या घरापुरती ही रीत समजण्यासारखी होती. पण ती जशीच्या तशी उचलून अशा मुलाला लावली गेली, जे एकटंच सगळं घर चालवत होतं, वर वडिलांना व्यवस्थापकाचा हुद्दा आणि घरच्यांना बंगला-मोटारी पुरवत होतं. स्टुडिओत मुलांना शिकवायला शिक्षिका हवी, हे कायद्याला सुचलं. पैशाच्या पेटीला हात लावायला मात्र तो कचरला, कारण ती पेटी घरात होती आणि घराचा उंबरा ओलांडायला सगळ्यांनाच संकोच वाटतो.

जॅकीची गोष्ट निदान कोर्टात तरी गेली. बेबी पेगीची तिथवरही पोचली नाही. पेगी-जीन माँटगोमेरीचे वडील काउबॉय. सिनेमात घोड्यांवरची धोक्याची कामं करायचे. १९२० मध्ये आईबरोबर ती सेंच्युरी स्टुडिओत गेली तेव्हा १९ महिन्यांची होती. दिग्दर्शकाला ती आवडली, कारण सांगितलं की ऐकायची. बस म्हटलं की बसायची, रड म्हटलं की रडायची. वडिलांनी तिला घोड्यासारखीच शिस्त लावली होती. पुढच्या तीन-चार वर्षांत तिने सुमारे दीडशे लघुपट केले. आठवड्याचे सहा दिवस, दिवसाचे आठ तास काम. एका चित्रपटासाठी तिला धावत्या आगगाडीच्या डब्याखाली बांधलं, एकासाठी समुद्राच्या पाण्यात धरून ठेवलं, एकासाठी पेटवलेल्या खोलीतून एकटीला बाहेर पडायला लावलं. १९२४ मध्ये न्यूयॉर्कला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं तेव्हा पाच वर्षांची पेगी शुभंकर म्हणून व्यासपीठावर होती. दहा लाखांच्या वर डॉलरचे करार झाले. १९२५ मध्ये वडिलांचं निर्मात्याशी पैशावरून बिनसलं आणि सिनेमातलं काम बंद पडलं. मग व्हॉडेव्हिलचे दौरे, त्यानंतर वायोमिंगमधल्या एका रँचवरचं आयुष्य. तिची कमाई काही उधळपट्टीत गेली, काही विश्वास टाकलेल्या नातेवाइकाने गिळली. १९३० च्या दशकात घर पुन्हा हॉलिवुडला परतलं आणि एकेकाळी जिच्या बाहुल्या दुकानांत विकल्या जात होत्या, ती मुलगी एक्स्ट्रांच्या गर्दीत उभी राहू लागली.

तिने नंतर नाव बदललं. डायना सेरा कॅरी या नावाने तिने बालनटांच्या इतिहासावर पुस्तकं लिहिली, जॅकीचं चरित्रही लिहिलं. २०२० च्या फेब्रुवारीत १०१ व्या वर्षी ती गेली. मूकपटांच्या काळात नावाजलेल्यांपैकी ती शेवटच्या काहींतली. तिच्या बहुतेक फिल्म आज उपलब्धच नाहीत. पैसा गेला, काम गेलं, कामाचा पुरावाही गेला. लहानपणी आपण घर पोसत होतो हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्याबद्दल घरात कुणी बोलत नसे. हे न बोललेलं ओझं वाहतच ती मोठी झाली आणि आपण कोण, या प्रश्नाशी तिला अर्धं आयुष्य झगडावं लागलं.

अशी उदाहरणं देत बसलं तर रात्र पुरायची नाही. फ्रेडी बार्थोलोम्यूची कमाई आत्या आणि आईवडील यांच्यातल्या कोर्टबाजीत वकिलांच्या घशात गेली. जॅकी कूपर आठ वर्षांचा असताना त्याला रडवण्यासाठी त्याचा कुत्रा गोळी घालून मारल्याचं नाटक सेटवर करण्यात आलं. दिग्दर्शक त्याच्या मावशीचा नवरा होता. 'अवर गँग'च्या मुलांचे लघुपट पुढे टीव्हीवर वर्षानुवर्षं दाखवले गेले, त्यातून त्यांना काही मिळालं नाही. आणि शर्ली टेंपल! महामंदीत सगळ्या अमेरिकेला हसवणारी मुलगी. १९५० मध्ये, २२ व्या वर्षी तिने वह्या उघडून पाहिल्या तेव्हा कमावलेल्या ३२ लाख डॉलरपैकी तिच्यासाठी ४४ हजार उरले होते. तिचे वडील बँकेत नोकरी केलेले गृहस्थ, तिच्यावर जीव टाकणारे. त्यांनी चुकीच्या ठिकाणी पैसे गुंतवले, नातेवाइकांना दिले, नोकरचाकर ठेवले. तिने त्यांना माफ केलं. माफ करणं हा तिचा मोठेपणा होता. मुलांच्या मोठेपणावर भरवसा ठेवून व्यवस्था चालवता येत नाही.

आता आपल्याकडे वळतो. मुलांना कॅमेऱ्यापुढे उभं करण्यात आपण हॉलिवुडच्या मागे नव्हतो. दादासाहेब फाळक्यांचा मुलगा भालचंद्र १९१३ मध्ये रोहिदास झाला. १९१९ मध्ये, जॅकी चॅप्लिनला दिसला त्याच वर्षी, त्यांची मुलगी मंदाकिनी कालियावर नाचणारा कृष्ण झाली. घरच्या माणसांनी घरच्या वेडापायी केलेलं ते काम होतं. त्याची तुलना मी इथे करत नाही. पण आज मराठी मालिका, गाण्यांचे आणि नाचाचे रिॲलिटी शो, जाहिराती हा रोख पैशाचा धंदा आहे आणि त्यात आपली मुलं राबतात.

आपल्याकडे त्यासाठी नियम आहेत आणि ते कागदावर वाईट नाहीत. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, २०१७ मध्ये नियम आले. १४ वर्षांखालच्या मुलाला चित्रीकरणात घ्यायचं तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नको, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नको, सलग २७ दिवसांहून जास्त नको. शाळा सुटता कामा नये. आणि कमाईचे किमान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत थेट जमा झाले पाहिजेत. कॅलिफोर्नियाच्या १५ टक्क्यांपेक्षा हे जास्तच.

तरीही माझं समाधान होत नाही, कारण माझा प्रश्न उरलेल्या ८० टक्क्यांचा आहे. ते कुणाचे? आपला आयकर कायदा याचं उत्तर स्वच्छ देतो. अज्ञान मुलाच्या नावावरचं व्याज किंवा भाडं आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवलं जातं, पण मुलाने स्वतःच्या कौशल्यातून किंवा कलेतून कमावलेलं उत्पन्न त्यात धरलं जात नाही. ते मुलाचं स्वतंत्र उत्पन्न. म्हणजे कर घेताना सरकार म्हणतं, पैसे मुलाचे आहेत. आणि मुलाच्या वतीने हिशेब मागायची वेळ आली की २० टक्क्यांची पावती पाहून फाइल मिटते. बाकीच्या रकमेचे पालक हे विश्वस्त आहेत. विश्वस्ताला देवळाच्या दानपेटीचा हिशेब द्यावा लागतो, मग पोराच्या मेहनतीचा का नाही?

यावर मला मिळणारं उत्तर मी हलक्यात घेत नाही. सांगलीची किंवा नांदेडची आई नोकरी सोडते, मुलाला घेऊन मुंबईत भाड्याच्या खोलीत राहते, पहाटे उठून त्याला सेटवर नेते, दिवसभर बाकड्यावर बसून राहते. घरी दुसरं मूल आजीकडे असतं. तिच्या कष्टांचं काय? आणि घर गरीब असेल तर पोराच्या पैशाने चूल पेटली, यात पाप कसलं? पाप अजिबात नाही. खोलीचं भाडं, प्रवास, कपडे, शिकवणी, आईचा बुडालेला पगारसुद्धा त्या कमाईतून वजा व्हावा. मी तो हक्काचा खर्च मानतो. मात्र तो लिहिला जावा. घरखर्चाला जे गेलं तेही लिहिलं जावं, म्हणजे १८ व्या वर्षी त्या मुलाला वही दाखवून सांगता येईल की बाळा, तुझ्या पैशातून दादाची फी भरली, बाबांच्या आजारपणात एवढे लागले. त्यात त्याचा मान आहे. पेगीला आयुष्यभर सलत राहिलं ते नेमकं हेच, की तिने घर पोसलं आणि तिला तसं कुणी कधी म्हटलं नाही.

हिशेब मागितला की नात्यात कडवटपणा येतो, असंही म्हणतात. कूगनच्या घरात तो आला हिशेब नव्हता म्हणून. अमेरिकाभरच्या वर्तमानपत्रांत आई आणि मुलगा एकमेकांविरुद्ध बोलत होते. त्याच काळात त्याचं लग्नही मोडलं. पुढे दुसऱ्या महायुद्धात तो ग्लायडरचा वैमानिक झाला आणि मार्च १९४४ मध्ये आपल्या आसाममधल्या तळावरून उडालेल्या मोहिमेतून ब्रह्मदेशात रात्रीच्या अंधारात सैनिक उतरवून आला. नंतर टीव्हीवर कामं केली, नवी पिढी त्याला 'ॲडम्स फॅमिली'मधला टकला काका म्हणून ओळखू लागली. त्याने आयुष्य पुन्हा उभं केलं, पण पंचविशीच्या आत माणसाला स्वतःच्या आईविरुद्ध साक्ष द्यायला लागावी, ही वेळ टाळता येण्यासारखी होती.

वयाची एक भेगही आहेच. आपले हे नियम १४ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. पंधरा वर्षांची मुलगी मालिकेत नायिकेची धाकटी बहीण झाली तर तास आणि मुदत ठेव या दोन्ही बाबतींत ती या नियमांच्या बाहेर पडते. ती सज्ञान नसते, तिचा करार आईबापच करतात, तरी ठेवीचं संरक्षण तिला नाही. कमाईपुरती तरी ही मर्यादा १८ करायला काय अडचण आहे, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

त्याहून मोठी भेग आपल्या हातातल्या मोबाइलमध्ये आहे. नऊवारी नेसून लावणीच्या ठेक्यावर नाचणारी चार वर्षांची मुलगी, आजोबांशी भांडणारा बोबडा नातू, शाळेच्या डब्यापासून झोपेपर्यंतचा 'दिवस'. लाखो लोक ते बघतात. मग तेलाची, साबणाची, क्लासची जाहिरात येते आणि पैसे येतात. २०१७ चे नियम लिहिताना डोळ्यांपुढे निर्माता होता, स्टुडिओ होता, सेट होता. इथे कॅमेरा धरणारा बाप, निर्माता बाप, पालक बाप आणि खातंही बापाच्या नावाचं. परवानगी कोण कुणाकडे मागणार? पाच तास कोण मोजणार? बाप म्हणेल, आम्ही तर घरात खेळतोय. पण 'पुन्हा एकदा कर, या वेळी कॅमेऱ्याकडे बघ' असं म्हटलं की त्या क्षणी खेळ संपतो आणि काम सुरू होतं. ट्रकच्या प्रसंगात हात पसरणाऱ्या जॅकीसाठी तरी दिग्दर्शक आणि बाप ही दोन वेगळी माणसं होती. रडून झाल्यावर उचलून घेणारं दुसरं कुणीतरी तिथे होतं.

हे फक्त मलाच वाटतं असं नाही. फ्रान्सने २०२० मध्येच अशा मुलांच्या कमाईसाठी कायदा केला. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १ जुलै २०२४ पासून घरच्या व्हिडिओंत झळकणाऱ्या मुलांचा वाटा राखून ठेवणं बंधनकारक झालं. आणि ज्या कॅलिफोर्नियाला जॅकीला न्याय द्यायला साठ वर्षं लागली, तिने १ जानेवारी २०२५ पासून कूगन कायदा समाजमाध्यमांवरच्या मुलांपर्यंत नेला. आपल्याकडे बालहक्क आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांत समाजमाध्यमांचा उल्लेख आला आहे, पण सूचना वाचून कुणी पोराच्या नावे खातं उघडत नाही.

खातं उघडायला लावणं अवघड नाही. जाहिरातीचे पैसे येतात ते बँकेतूनच आणि कंपनी त्यांचा हिशेब ठेवतेच. व्हिडिओत मूल असेल तर त्याचा वाटा कंपनीने थेट मुलाच्या खात्यात टाकावा, जसा निर्मात्याने मुदत ठेवीत टाकायचा असतो. आणि मालिकेसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणाऱ्या अर्जाला एक पान आणखी जोडावं, आधीच्या कामाच्या हिशेबाचं. किती आले, किती खर्च झाले, किती शिल्लक आहेत. खाली पालकांची सही आणि मूल वाचू शकत असेल तर त्याचीही. ते पान कोरं असेल तर पुढची परवानगी अडवून ठेवावी.